अकरा बेचाळीसची नोंद

१

शिल्पाला अग्नी देऊन अजून एक दिवस उलटला नव्हता, तोच तिच्या नावाचा कागद हणमंतरावांच्या टेबलावर येऊन पडला. कागद छापला होता जोहराआपांनी. हणमंतरावांच्या क्लासचे कंप्युटर त्या सांभाळत आणि नांदेडच्या शाखेत बसत. त्यासाठीच त्यांना नांदेडहून सकाळच्या पहिल्या एसटीने लातूरला बोलावून घेतलं होतं.

फौजदारांनी तो मोठ्याने वाचला. "गुरुवार, एकोणतीस सप्टेंबर, दुपारचे चार. रेक्टर विचारतात, शिल्पाचं पोट फार दुखतं, अंगात ताप आहे, दवाखान्यात नेऊ का? खाली उत्तर, ताबडतोब न्या." त्यांनी मान वर केली. "आणि तुम्ही नेलं नाही, बाई."

गुणाबाई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. मुलींच्या वसतिगृहाची ती रेक्टर. मुली तिला मावशी म्हणत. शुक्रवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी शिल्पाने तिच्याच मांडीवर डोळे मिटले होते. अपेंडिक्स फुटलं, असं डॉक्टर म्हणाले. एक दिवस आधी आणली असती तर वाचली असती, असंही म्हणाले.

"साहेब, तसं न्हवतं लिहिलेलं," गुणाबाई म्हणाली. "'शनिवारची परीक्षा होऊ द्या, मग न्या,' असं व्हतं. म्या चौथी शिकलेय, पर अक्षर वळखते. दोन डाव वाचलं."

"मग हे काय आहे?"

"त्येच तर कळंना मला."

"बाईला आधी पाणी द्या कुणीतरी," कोपऱ्यातून नरसिंग सर म्हणाले. ते क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवत आणि निलंग्याची शाखा सांभाळत. गुणाबाई आणि ते एकाच गावचे. त्र्याण्णवच्या भूकंपात ते गाव मातीला मिळालं, त्यात सरांचे दोन मुलगे गेले आणि गुणाबाईची लेक. शिल्पाही त्याच गावची. पाच वर्षांची पोर दुसऱ्या दिवशी ढिगाऱ्यातून जिवंत निघाली होती. बारा वर्षांनी सरांनीच तिला क्लासमध्ये आणलं होतं.

पाण्याचा पेला गुणाबाईच्या हातात तसाच राहिला.

फौजदारांनी टोपी उचलली. "सोमवारी अकरा वाजता बाईला कोर्टात उभं करावं लागेल. हयगय करून जीव घेतला, असा गुन्हा आहे. तोवर कुणाला काही सांगायचं असेल तर सांगा."

जोहराआपांची नजर छापील कागदावर नव्हती. ती समोरच्या पडद्यावर, फायलीच्या नावाशेजारच्या बारक्या आकड्यांवर होती. पंचवीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेल्या बाईला वेळेचे आकडे आधी दिसतात.

"साहेब, जरा थांबा," त्या म्हणाल्या. "हे पान गुरुवारचं आहे. पण त्याला शेवटचा हात लागलाय शुक्रवारी, अकरा बेचाळीसला. तेव्हा पोर जाऊन सव्वा तास झाला होता."

२

ते दिवस ज्यांना आठवतात त्यांना ठाऊक आहे, लातूर तेव्हा कसं फुगत चाललं होतं. गल्लीगल्लीत क्लासच्या पाट्या, पाटीवर पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो, आणि घराघरात एक खोली भाड्याने दिलेली. हणमंतरावांचा क्लास त्यातला मोठा. लातूर, नांदेड, अहमदपूर, निलंगा अशा चार ठिकाणी तो चाले. भूकंपात पोरकी झालेली मुलं तिथे फुकट शिकत. हे माप त्यांच्या पदरात घालायला हवं.

वसतिगृहाची वही कंप्युटरवर होती. रेक्टरने प्रश्न लिहायचा. उत्तर तिघांपैकी कुणीही, जिथे असेल तिथून द्यायचं. स्वतः हणमंतराव, त्यांचा पुतण्या मन्मथ आणि नरसिंग सर, असे ते तिघे. उत्तराखाली नाव नसे. सगळ्यांचा प्रवेशही एकाच नावाने, 'नोंद' ह्या नावाने होई.

"हे तुम्हीच ठरवलं होतं ना?" आपांनी विचारलं. फौजदार व्हरांड्यात गेले होते, मन्मथ आणि बाकीचे पांगले होते.

"हाव," हणमंतराव म्हणाले. "एकाचं नाव लागलं की पालक त्याच्याच दारात येऊन बसतात. उत्तर क्लासचं, माणसाचं नाही."

"मग हे 'ताबडतोब न्या' कुणाचं?"

"क्लासचं."

"रावसाहेब, क्लासला बोटं नसतात."

हणमंतरावांनी चष्मा पुसला. "आपा, माझ्यावर संशय असेल तर सरळ विचारा. शुक्रवारी अकराला मी ह्याच खोलीत होतो, सर्व्हर समोर होता. पण मला अक्षर मोठं करून कुणी दिलं तरच वाचता येतं. मन्मथ अहमदपूरला शिकवत होता. नरसिंग सर तर गावी. तीस तारीख होती ना."

तीस सप्टेंबर म्हणजे भूकंपाचा दिवस. त्या भागातली माणसं जुन्या गावच्या जागेवर जमतात, गेलेल्यांची नावं वाचतात. निलंग्याची शाखा त्या दिवशी बंदच असे.

"गुणाबाईला वकील देऊ आपण, चांगला देऊ," हणमंतराव हळूच म्हणाले. "पण क्लास वाचला पाहिजे. तुम्ही ते अकरा बेचाळीस फार ताणू नका."

व्हरांड्यात फौजदार सिमेंटच्या हौदाला टेकून उभे होते. त्यांनी आपांना विचारलं, "ही वही इथं बसून बदलता येते, तशी बाहेरगावाहूनही येते?"

"येते. साहेब, तुमच्याकडे नळ किती दिवसांनी येतो?"

"आठ दिवसांनी. का हो?"

"मग रोज कुठलं पाणी पिता?"

"हौदातलं."

"शाखांचंही तसंच आहे. खरी वही इथल्या सर्व्हरवर, म्हणजे युनिक्सवर चालणाऱ्या मोठ्या यंत्रात. पण फोनची लाइन म्हणजे गोगलगाय. प्रत्येक पान इथून ओढायचं तर दिवस मावळेल. म्हणून मी प्रत्येक शाखेच्या डिस्कचा एक कोपरा हौदासारखा बांधला. कॅशे म्हणतात त्याला. लातूरची वही शाखेला माउंट केली, म्हणजे जोडली, ती ह्या हौदामार्फत. पान पहिल्यांदा उघडलं की लातूरहून येतं आणि हौदात राहतं. पुन्हा उघडलं की हौदातलंच दिसतं."

"आणि मधे लातूरला पान बदललं तर?"

"एरवी यंत्र दर थोड्या वेळाने लातूरला विचारतं, काही बदललं का? त्यानेच लाइन तुंबायची. म्हणून जोडतानाच मी यंत्राला सांगून ठेवलंय, मी म्हणेन तेव्हाच विचार. डिमांडकॉन्स्ट अशी एक सोय असते. रोज सकाळी नऊला शाखेतलं माणूस पडताळणीचा हुकूम देतं, बदललेली पानं बाद होतात. मग सगळी पानं एकदा उघडून हौद भरून ठेवायचा. नंतर भारनियमन झालं, लाइन पडली, तरी इन्व्हर्टरवर वही वाचता येते."

"आणि शाखेतून कुणी लिहिलं तर?"

"लिहिलेलं हौदात जात नाही. थेट लातूरला जातं, आणि त्या पानाची हौदातली जुनी प्रत यंत्र फेकून देतं."

फौजदार हसले. "तुमचं यंत्र तुम्हाला लखलाभ. मला सोमवारी..."

पण आपांचं लक्ष उडालं होतं. काल मुलगी गेली म्हणून आज सगळ्या शाखांना सुट्टी. उद्या रविवार. म्हणजे कुठल्याच शाखेत आज नऊची पडताळणी झाली नव्हती. शेवटची झाली होती शुक्रवारी सकाळी नऊला.

तेव्हा शिल्पा जिवंत होती.

३

नांदेडच्या शाखेत शनिवारी दुपारी चिटपाखरू नव्हतं. आपांनी कुलूप काढलं, पंखा लावला, आणि खुर्चीवर बसूनही दोन मिनिटं कळफलकाला हात लावला नाही. चुकून सवयीने पडताळणीचा हुकूम गेला तर? बोटांना रोजची वाट पाठ असते. त्यांचे अब्बा, जहांगीर मियाँ, निजामाच्या काळापासून तारऑफिसात होते. ते म्हणायचे, हात डोक्याच्या आधी धावतो, म्हणून तार पाठवताना एक हात मांडीखाली दाबून बसावं.

आपांनी डावा हात खरोखरच मांडीखाली घेतला आणि एका बोटाने पान उघडलं.

मोडेमचा हिरवा दिवा हललासुद्धा नाही. लातूरला काही विचारलं गेलं नव्हतं. पान हौदातूनच वर आलं.

'शिल्पाचं पोट फार दुखतं, अंगात ताप आहे, दवाखान्यात नेऊ का?'

'शनिवारची परीक्षा होऊ द्या. मग न्या.'

आपांनी चष्मा काढला, पदराने डोळे टिपले, आणि फौजदारांना फोन लावला.

"तुमचं यंत्र, तुमचं पान," फौजदार म्हणाले. "हे तुम्हीच आत्ता लिहिलं नसेल कशावरून? बाई तुमच्या ओळखीची आहे."

"मी इथून लिहिलं असतं तर ते लातूरला उमटलं असतं, साहेब. लातूरला तर 'ताबडतोब न्या' आहे. तुमच्याच हातात कागद आहे."

पलीकडे कागद उलगडल्याचा आवाज आला.

"आणि अजून दोन हौद आहेत," आपा म्हणाल्या. "अहमदपूर आणि निलंगा. बदल सर्व्हरवर बसून केला असेल, तर दोन्हीकडे जुनं पान सापडेल. पण शाखेतून केला असेल, तर ज्या शाखेतून केला तिथली जुनी प्रत त्याच क्षणी गेली असेल. तिघांपैकी कुणाचा हात, ते पान स्वतः सांगेल."

"मग फोन करून विचारा त्यांना."

"फोन केला तर तो कुणाच्या कानी जाईल? एक हुकूम दिला की संपलं. तसाही सोमवारी नऊला तो रोजच्यासारखा दिलाच जाईल. तुम्ही अकराला बाईला नेणार, आणि पुरावा नऊलाच पुसलेला असणार."

"म्हणजे तुमच्याकडे एक रविवार आहे," फौजदार म्हणाले. ह्या वेळी ते हसले नाहीत.

४

रविवारी दहाच्या सुमाराला आपा अहमदपूरच्या स्टँडवर उतरल्या. शाखा मोंढ्याच्या मागे. रिजवान ऑपरेटर जवळच राहत असे. तो चप्पल अडकवत आला, आणि त्याच्या मागोमाग मन्मथही आला. पस्तिशीचा माणूस, इस्त्रीचा शर्ट, हातात नवा मोबाइल.

"आपा, तुम्ही आता सीआयडी झालात का?" तो म्हणाला. "काकांचा फोन होता. म्हणाले, त्या फार ताणून राहिल्या."

"पान उघडते आणि जाते, बेटा."

"उघडा की. लातूरला जे आहे तेच इथं दिसणार."

"तसं वाटतं खरं तुम्हाला?"

"तुम्हीच तर सांगितलं होतं, सगळीकडं एकच वही."

आपांनी पान उघडलं. मोडेमचा दिवा स्थिर. पडद्यावर तीच ओळ, शनिवारची परीक्षा होऊ द्या.

रिजवान जवळ वाकला. "या अल्ला. आपा, हे तर..."

"शुक्रवारी नऊला पडताळणी तूच केलीस?"

"जी. पानंही सगळी उघडली. मग मन्मथ सर अकरा ते एक वर्गात होते, ऐंशी पोरं होती समोर."

मन्मथचा चेहरा कागदासारखा झाला होता. तो स्टुलावर बसला. मोबाइल त्याने बंद करून खिशात ठेवला.

"तुम्ही हे आधी पाहिलं होतं," आपा म्हणाल्या. हा प्रश्न नव्हता.

"गुरुवारी संध्याकाळी वही चाळली मी. उत्तर आलेलं होतं. मला वाटलं, ज्यानं दिलं त्यानं विचारूनच दिलं असेल."

"काय वाटलं वाचून?"

"काही नाही वाटलं, आपा. परीक्षेच्या तोंडावर अर्ध्या वसतिगृहाचं पोट दुखतं. आमच्यात तर म्हणच आहे तशी."

"आणि काल? फौजदार वाचत होते तेव्हा तुम्हाला माहीत होतं की बाई खरं बोलून राहिली."

"क्लासचं नाव..." त्याने वाक्य सोडून दिलं.

आपा त्याच्यावर ओरडल्या नाहीत. त्यांनी रिजवानला एवढंच सांगितलं, "फौजदार येईपर्यंत ह्या यंत्राला कुणी शिवायचं नाही. हे सरसुद्धा नाही." मग मोडेममधून फोनची तार काढून त्यांनी ती पिशवीत टाकली.

अहमदपूर सुटलं. आता निलंग्याला जुनं पान दिसलं की झालं. मग हात हणमंतरावांचाच. एसटीत बसल्या बसल्या आपांना तो पुसलेला चष्मा आठवत राहिला. बारा वर्षं ज्यांच्या पदरी काम केलं, त्यांचं नाव फौजदाराला कसं सांगायचं, ह्याचीच त्या वाटभर जुळवाजुळव करत होत्या.

५

निलंग्याची ऑपरेटर गुरम्मा चाळिशीची, बोलकी बाई. तिचं माहेरही भूकंपातलंच. तिने शाखेचं कुलूप उघडलं आणि जुन्या सवयीने उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला.

"तीस तारखेला तुम्ही इथं होतात?" आपांनी विचारलं.

"नऊपर्यंत व्हते. पडताळणी केली, पानं उघडली, कुलूप लावलं अन् गावाला गेले. धाला नावं वाचाया सुरू झाली. सांजपर्यंत तिथंच की मी, साऱ्या गावानं बघितलंय."

"म्हणजे नवानंतर इथं कुणी नव्हतं."

"कोण असणार? त्या दिवशी ह्या बाजूला कुणी काम करतंय व्हय?"

आपांनी आधी मुद्दाम दुसरी पानं उघडली. भोजनगृहाचं पान. लातूरला शुक्रवारी दुपारी त्यात स्वयंपाक बंद ठेवल्याची नोंद झाली होती. इथे ती नव्हती. हजेरीचं पान. लातूरला शिल्पाच्या नावापुढे शुक्रवारी संध्याकाळी रेघ मारली होती. इथे नाव सरळ होतं, जणू मुलगी वर्गात बसली होती. मोडेमचा दिवा कशालाच हलला नाही. हौद शुक्रवारी सकाळी नऊला भरलेला, जसाच्या तसा.

मग त्यांनी ते पान उघडलं.

हिरवा दिवा लुकलुकला. एकदा, दोनदा, मग थरथरत राहिला. पान लातूरहून येत होतं.

'ताबडतोब न्या.'

"अगंबाई," गुरम्मा म्हणाली. "हे पान बी मी उघडलं व्हतं की शुक्रवारी! यादीतलं एक बी सोडत न्हाई मी."

"माहीत आहे मला. म्हणूनच तर." आपांनी मोडेममधून फोनची तार काढली. बाकीच्या पानांची प्रत हौदात होती. ह्या एकाची नव्हती. आपोआप जायची तर सगळी गेली असती. हे एकच पान गेलं, कारण ह्याच यंत्रावरून कुणीतरी त्यावर लिहिलं होतं. नऊनंतर, बंद शाखेत, कुलूप काढून.

"गुरम्मा, किल्ल्या किती?"

"दोन. एक माझ्या गळ्यात." तिने दोरीला बांधलेली किल्ली वर काढली. "अन् एक सरांपाशी."

"सर गावाला होते ना?"

"व्हते की. धाला नावं वाचताना माझ्या शेजारीच उभे. साडेधाला फोन आला त्यास्नी, शिल्पा गेली म्हणून. मग रडतच निघाले लातूरला."

"कोणत्या गाडीने?"

"एका गाववाल्यानं फटफटीवर निलंग्याच्या स्टँडवर सोडलं. तिथून बारा वाजता लातूरची गाडी असती." गुरम्मा बोलता बोलता थांबली. स्टँड शाखेपासून दोन मिनिटांवर होता.

दाराशी चप्पल वाजली. नरसिंग सर उंबऱ्यात उभे होते.

६

"शाखा उघडी दिसली," ते म्हणाले. मग त्यांना पडदा दिसला, आणि आपांच्या हातातली फोनची तार.

"गुरम्मा, जरा चहा सांगून ये," आपा म्हणाल्या. गुरम्मा दोघांकडे बघत बाहेर गेली.

"सर, बाराच्या गाडीला वेळ होता."

"अर्धा तास होता," नरसिंग सर म्हणाले. त्यांनी नाकारायचा प्रयत्नही केला नाही. भिंतीशी बाक होता, त्यावर ते बसले. "स्टँडवर बसवेना. किल्ली खिशात होती. पाय आपोआप इकडं आले."

"गुरुवारचं उत्तर तुमचं."

"माझंच. गुरुवारी चौदा जणींनी पोट दुखतं म्हणून कळवलं होतं, आपा. चौदांना मी तेच लिहिलं. वीस वर्षं बघून राहिलो, परीक्षा आली की पोरींची पोटं दुखतात. तेरा जणी शुक्रवारी सकाळी ठणठणीत होत्या." ते थांबले. "तेरा."

"ती तर तुमचीच आणलेली पोर. एकदा फोन करून विचारावंसं नाही वाटलं?"

"तिचंच नाव बघून तर जास्त कडक झालो. ती पहिल्या दहांत येणार होती. ढिगाऱ्यातून निघालेली पोर पोटदुखीनं परीक्षा सोडते का, असं वाटलं मला."

बाहेर रिक्षा गेली. सर पडद्याकडे बघत होते.

"बदललंत कशाला?"

"गुणाला अडकवायला नाही. त्या वेळी गुणा माझ्या मनातसुद्धा नव्हती." त्यांनी दोन्ही तळवे गुडघ्यांवर दाबले. "मला ते तसं लिहिलेलं बघायचं होतं फक्त. न्या म्हणालो असतो तर कसं दिसलं असतं, ते. लिहिलं. वाचलं. परत पहिलं लिहायला बोट उचलेना. तेवढ्यात गाडीची वेळ झाली."

हे खरं असावं, असं आपांना वाटलं. तरी पुढचा प्रश्न त्यांनी विचारलाच.

"आणि काल? फौजदारांच्या हातात कागद होता. गुणाबाई चौकटीला धरून उभी होती. तुम्ही म्हणालात, बाईला पाणी द्या."

सर खालच्या आवाजात म्हणाले, "क्लासमध्ये भूकंपाच्या एकतीस पोरी आहेत अजून. मी आत गेलो, क्लास बंद पडला, तर त्या कुठं जातील? गुणाला मी सोडवीन. मोठा वकील देईन. तुम्ही काही खोटं करू नका, आपा. फक्त उद्या नऊला रोजची पडताळणी करा. रोजचंच काम. कुणी तुम्हाला बोट लावणार नाही."

एक हुकूम. तीन यंत्रं लातूरशी जुळली असती, आणि जगात खरं म्हणून फक्त चौथी शिकलेल्या एका बाईचा शब्द उरला असता.

आपांनी त्या एकतीस मुलींचा विचार केला नाही असं नाही. त्यातल्या कितीजणींना त्यांनी स्वतः कळफलक शिकवला होता. पण मग त्यांना हेही दिसलं, की त्या एकतीसजणी जिच्या भरवशावर तिथे झोपतात, तीच बाई उद्या तुरुंगात असेल.

"सर, तुम्ही आत्ता तेच करून राहिलात," त्या म्हणाल्या. "एका बाईचं दुखणं बघायचं, आणि म्हणायचं, होऊ द्या, मग बघू."

नरसिंग सरांनी डोळे मिटले. भूकंपानंतर माणसं गावाबाहेर अशी बसलेली आपांनी पाहिली होती, आरडाओरडा संपल्यावर.

"फौजदार कधी येतात?" सरांनी विचारलं.

"फोन केला की दीड तासात."

"करा."

७

सोमवारी नऊला कुठल्याच शाखेत पडताळणी झाली नाही. फौजदारांनी दोन पंच घेऊन तिन्ही यंत्रांचा पंचनामा केला. नरसिंग सरांनी आपला जबाब स्वतःच्या हाताने लिहिला आणि खाली पूर्ण नाव घातलं. मन्मथनेही जबाब दिला, वकिलाला शेजारी बसवून. हणमंतराव दिवसभर त्यांच्या खोलीत होते. त्यांनी कुणालाच आत घेतलं नाही.

अकरा वाजता आपा वसतिगृहात आल्या. गुणाबाई ओट्यावर आपली वळकटी बांधत होती. पोलीस न्यायला येतील म्हणून दोन लुगडी, एक तांब्या तिने काढून ठेवला होता.

"सोडा ते," आपा म्हणाल्या. "तुम्हाला कुणी नेत नाही आता."

त्यांनी सगळं सांगितलं. हौद, दिवा, किल्ली. गुणाबाईला त्यातलं किती कळलं कोण जाणे. सरांचं नाव ऐकल्यावर तिच्या हातातली सुतळी सुटली.

"नरसिंगदादानं?"

"हाव."

"माझी लेक काढाया त्येच उतरले व्हते खाली," ती म्हणाली. "स्वतःची पोरं तशीच पडली व्हती, तरी."

मग तिने सुतळी पुन्हा गोळा केली, बोटाभोवती गुंडाळली, उलगडली.

"म्हंजी म्या बरोबर वाचलं व्हतं."

"अगदी बरोबर वाचलं होतं, गुणाबाई. अक्षर न् अक्षर."

आपांना वाटलं, आता ही रडेल, किंवा निदान उसासा टाकेल. गुणाबाईने तसलं काही केलं नाही. ती समोरच्या भिंतीकडे बघत राहिली.

"पडद्यावरचं बरोबर वाचलं," ती म्हणाली. "अन् पोरीचं तोंड? ते बी म्या रातभर वाचतच व्हते की, आपा. ते तर कुणी बदललं न्हवतं."

आपा तिच्या शेजारी ओट्यावर बसल्या. अर्धी बांधलेली वळकटी त्यांनी ओढून घेतली, आणि त्या तिची गाठ सोडवू लागल्या.